माणूस सांगेल तेच लिहायचं

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. सकाळी पिशवी खांद्याला लावून एखाद्या गावात शिरलं, की संध्याकाळी पेणला परतताना एखाददुसरा बरोबर येतोच. खरं तर येऊ नये. प्रश्न छापलेले, उत्तरं छापलेली, आपण फक्त खूण करायची. यात किस्सा कुठून होणार? पण होतो! कारण छापील प्रश्न आणि छापील उत्तर यांच्या मधे एक जिवंत माणूस बसलेला असतो आणि आपण काय छापलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

काम काय ते आधी सांगते. पेण आणि रोहा तालुक्यातल्या गावांतून फिरायचं आणि लोकांना त्यांच्या मनाबद्दल विचारायचं. झोप लागायला त्रास होतो का, जेवण नकोसं वाटतं का, उदास वाटतं का, एकटं वाटतं का. बहुतेक प्रश्नांना चार उत्तरं: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, जवळजवळ रोज. मानसशास्त्रात याला भारदस्त नाव आहे, स्व-अहवाल पद्धत. सोपा अर्थ असा, की माणसाच्या मनात काय चाललंय ते त्यालाच विचारायचं आणि तो म्हणेल ते खरं धरायचं.

आम्ही तिघं. एक मी. दुसरे रोह्याकडचे निजामभाई, आखातात बरीच वर्षं काढून परत आलेले. तिसरे अनंतकाका, कासू गावचे निवृत्त शिक्षक. आमच्यात सगळ्यात मोठे आणि सगळ्यात कडक. वर शहरात बसलेल्या एक मॅडम, पण त्या फोनवर.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. गेल्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून काका आमच्या डोळ्यांदेखत खचत चालले होते. विचारलं की म्हणायचे, "मी मजेत!" आम्हाला त्यांच्या जिवाची भीती वाटायची, अगदी खरी भीती. हे किस्से त्याच वर्षातले आहेत. हसू आलं तर हसा, आम्हीही हसलोय.

*

पहिला खाडीकाठच्या गावातला. एक बाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी विचारत होते आणि काका शेजारी बसून माझं काम तपासत होते.

"ताई, एवढ्यात उदास वाटलं का?"

"नाय."

"रडू आलं?"

"नाय गो. कशाला रडू?"

आणि बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! एका हातानं पदर डोळ्यांना लावतेय, दुसऱ्या हातानं सुकट निवडतेय आणि मला दटावतेय, "लिव ना! कधीच नाय लिव. मी बरी हाय."

माझा हात थांबला. काका शांतपणे म्हणाले, "लिहा. कधीच नाही."

परतताना मी भांडले. "काका, ती रडत होती!"

"ते तुम्हाला दिसलं. तिनं काय सांगितलं?"

"पण डोळे..."

"माणूस सांगेल तेच लिहायचं. आपल्याला दिसतं तेच लिहायचं असेल, तर गावात यायचं कशाला? घरी बसून लिहा की!"

निजामभाई मागून येत होते. ते म्हणाले, "काका, सुकटीचा वास डोळ्यांना झोंबला, असा रकाना हाय का कुठं?"

"नाही," काका म्हणाले. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला होता. राग येऊनही पटलं होतं, हे जास्त वाईट.

*

हमरापूरला आम्ही गेलो ते गणपतीच्या तोंडावर. वेळापत्रक मॅडमनी शहरात बसून केलेलं. त्यांना काय माहीत, तेव्हा तिथं माणूस माणसाकडे बघतही नाही! घराघरात मूर्ती, ओट्यावर मूर्ती, जिन्यावर मूर्ती. सगळं घर रंगात बरबटलेलं.

"झोप लागायला त्रास होतो का?"

"झोप? चतुर्थीनंतर!"

"जेवण नकोसं वाटतं का?"

"जेवायला टाइम कुठाय? त्या मूर्तीला हात नका लावू, ओली हाय!"

"कशात रस वाटेनासा झालाय का?"

"सोंडेशिवाय कशात नाय!"

काका मान खाली घालून खुणा करत गेले. जवळजवळ रोज, जवळजवळ रोज, जवळजवळ रोज. अख्खी आळी!

दोन दिवसांनी मॅडमचा घाबरलेला फोन. "अहो, हे सगळं गाव डिप्रेशनमध्ये आहे का? डॉक्टर पाठवायची व्यवस्था करू?"

निजामभाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "मॅडम, डॉक्टर नको. चार रंगारी पाठवा!"

गणपती झाल्यावर परत गेलो, तर भरदुपारी सगळी आळी घोरत होती. आता आली का पंचाईत! 'गरजेपेक्षा जास्त झोप येते का' हाही प्रश्न आमच्या यादीत होताच. एका घरात चादरीखालून आवाज आला, "कधीच नाय लिवा आणि जाताना दार ओढून घ्या."

एक म्हातारा कारागीर तेवढा जागा होता. रिकाम्या फळ्यांकडे बघत बसलेला. त्याचे प्रश्न विचारून झाले, कागद मिटला. आणि काकांनी, यादीबाहेरचा एक शब्द कधी न विचारणाऱ्या माणसानं, विचारलं, "हे रिकामं रिकामं वाटतं, ते किती दिवस?"

"नवीन साच्यात माती पडंपर्यंत, मास्तर."

"आणि नाहीच पडली तर?"

म्हातारा म्हणाला, "असं कधी झालंच नाय." काका उठले आणि चपला घालायला लागले.

*

हमरापूरचाच आणखी एक. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे चेहऱ्यांची पट्टी असते. पाच तोंडं, पहिलं खदखदून हसणारं आणि पाचवं रडणारं. माणसानं आपलं कुठलं त्यावर बोट ठेवायचं. आमची पट्टी पावसात भिजली आणि पाचही तोंडांचा चिखल झाला. शहरातून नवी यायला वेळ लागणार होता. निजामभाई म्हणाले, "हमरापुरात बसून तोंडासाठी शहराकडं बघायचं? शोभतं का?"

एका रंगाऱ्यानं आनंदानं काम घेतलं. पट्टी मिळाली तेव्हा आम्ही तिघं बघतच राहिलो. काय रंगकाम! काय रेषा! पण पाचही चेहरे शांत, प्रसन्न, आशीर्वाद द्यायला बसल्यासारखे.

मी म्हटलं, "दादा, हा पाचवा रडणारा हवा होता."

"रडतोय की! बघा ना नीट, जरा कमी हसतोय."

"अहो, कमी हसणं म्हणजे रडणं का?"

तो ओशाळला. "हात वळत नाय ओ रडक्या तोंडाकडं. ल्हान होतो तवापासून देवाचंच तोंड काढतोय. चारदा पुसलं, चारदा तेच आलं."

निजामभाई हसून हसून बेजार. काकांनी मात्र पट्टी हातात घेतली, चष्मा वर करून पाचव्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा ओळखीचा वाटतो." निजामभाईंचं हसणं थांबलं.

*

रोह्याकडच्या एका गावात बहुतेक घरांतले पुरुष आखातात. तिथं निजामभाईंच्या ओळखीनं आम्ही एका घरी गेलो. वहिनी पुढच्या खोलीत आल्या ते हातात फोन घेऊन. फोनवर नवरा. व्हिडिओ चालू!

"कोण आलंय? सर्वेवाले? विचारा, विचारा!" तो तिकडून ओरडला.

मी विचारलं, "वहिनी, एकटं वाटतं का?"

फोनमधून उत्तर, "एकटं कशाला वाटंल? घरात सगळी हायत!"

"झोप?"

"मस्त झोपते! एसी बसवून दिलाय."

"उदास?"

"अरे लिवा ना, खुश हाय माझी बायको! काय गो, खुश हाय ना?"

वहिनी मान हलवत होत्या. निजामभाई आढ्याकडे बघत होते. शेवटी तिकडे भोंगा झाला. "शिफ्ट लागली, ठेवतो. बरोबर लिवा हां!"

फोन बंद झाला. वहिनींनी तो उशीवर पालथा ठेवला, वरून दुपट्टा टाकला आणि म्हणाल्या, "निजामभाई, तुम्ही जरा बाहेर चहा घ्या. ताई, आता पहिल्यापासून विचार."

ती उत्तरं मी इथं सांगणार नाही. निजामभाईंनी मला विचारली नाहीत. रोह्याला स्टेशनजवळ आल्यावर एकदम म्हणाले, "मी पण तिकडनं असाच ओरडून सांगायचो. खुश हाय, खुश हाय. आमच्या हिला परत पहिल्यापासून कुणी विचारलंच नाय." मग घरी घेऊन जायला त्यांनी जिलबी घेतली.

*

हा छोटा. रोह्याच्या आतल्या अंगाचं एक गाव, शेतात वाल फुलावर आलेला. बांधावर एक आजोबा बसलेले. काकांनी विचारलं, "दहापैकी किती समाधानी आहात?"

आजोबा लगेच म्हणाले, "सात."

आता खरं म्हणजे काकांनी सात लिहून पुढे जायचं. पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "आणि उरलेले तीन?"

"एक पनवेलला, एक पुण्याला, एक सुरतेला!"

काका हसले. काकू गेल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आम्हाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण आजोबा काही सोडणारे नव्हते. "माझं झालं. तुमचे किती, मास्तर?"

काकांनी कागद पिशवीत घातला. "आम्हाला विचारायचं नसतं," ते म्हणाले. "आम्ही विचारणारे."

*

पण आम्हालाही विचारलं जायचं! मॅडमनी नियमच केला होता, दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तेच प्रश्न स्वतःलाही विचारून घ्यायचे. काही जड वाटत असेल तर पेणला डॉक्टर ठरवलेले होते.

निजामभाईंचं उत्तर दर महिन्याला बदलायचं. माझं तर बाजारात कुणाशी भांडले त्यावर ठरायचं. काकांचं एकच. वरपासून खालपर्यंत, शाळेच्या वळणदार अक्षरात, कधीच नाही. कधीच नाही. कधीच नाही.

आणि आम्हाला काय दिसायचं? सदरा खांद्यावर लोंबायला लागला होता. दुपारच्या जेवणाला दोन बिस्किटं, तीही चहात बुडवून विसरायचे. कासूला उतरायचे, पण घराकडे वळायचे नाहीत. गाडी सुटताना निजामभाई खिडकीतून बघायचे, तर काका फलाटावरच्या बाकावर बसलेले. कुणाची वाट बघत नाहीत, कुठं जायचं नाही, नुसते बसलेले. मुलगी नागपूरला. तिला फोनवर म्हणायचे, "मी मजेत."

मी डॉक्टरांना जाऊन भेटले. ते म्हणाले, "अहो, ते माझ्यासमोर येऊन बसले पाहिजेत. त्यांनी सांगितलं पाहिजे. मी काय उचलून आणू त्यांना?"

म्हणजे इथंही तेच, माणूस सांगेल तेच!

मग निजामभाईंनी शक्कल काढली. कागद नको, यादी नको, गप्पांत विचारायचं. टपरीवर चहा घेताना अगदी सहज म्हणाले, "काय काका, काल झोप लागली का मस्त?"

काकांनी कप खाली ठेवला.

"प्रश्न क्रमांक तीन," ते म्हणाले. "आणि त्यात 'मस्त' हा शब्द नाही. उत्तर सुचवायचं नसतं, निजाम. किती वेळा सांगितलंय?"

निजामभाई तोंडात बिस्किट धरून तसेच बसले. मी हसले आणि हसता हसता मला रडू यायला लागलं, म्हणून पैसे द्यायला उठले. इतका हुशार माणूस आपल्या हुशारीच्याच आड दडून बसलाय आणि बाहेर काढायची आमच्याकडे एकही युक्ती नाही, याची मला चीड आली होती.

*

आता हा शेवटचा.

एकदा आठवडाभर काका कामावर आले नाहीत. फोन उचलेनात. मी आणि निजामभाई सकाळच्याच गाडीनं कासूला गेलो.

दार उघडंच होतं. काका पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. आम्हाला बघून उठायला गेले, उठले नाहीत. "या," म्हणाले. "मी मजेत आहे. जरा कणकण होती."

स्वयंपाकघरात चूल... म्हणजे गॅसच, पण पेटलेला दिसत नव्हता बरेच दिवस. ओट्यावर धूळ. निजामभाईंनी काही न बोलता चहा टाकला. मी काकांसमोर बसले. काय बोलावं कळेना, म्हणून पिशवीतून कागद काढला. तेवढंच येत होतं मला.

"महिन्याचं राहिलंय, काका. आज मी विचारते."

"विचारा."

"उदास वाटलं का?"

"कधीच नाही."

"एकटं वाटलं?"

"कधीच नाही."

"झोप लागायला त्रास होतो का?"

मी तोच प्रश्न परत वाचला, जसा छापलाय तसा. शब्द बदलायचा नसतो, हे त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं.

"हे असलं सगळं हीच सांगायची," ते म्हणाले. "दवाखान्यात गेलो तरी मी नुसता बसायचो. डॉक्टर मला विचारायचे, उत्तर ही द्यायची. मला काय कळतंय मी झोपलो का नाही ते."

कागदावर यासाठी काही नव्हतं.

निजामभाई चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "मग काकू काय बोलल्या असत्या?"

मला वाटलं, काका आता चिडणार. उत्तर सुचवायचं नसतं, म्हणणार. पण काका खुर्चीत जरा पुढे सरकले. हात मांडीवर जुळवले, बायका दवाखान्यात बसतात तसे. माझ्याकडे बघितलं. आणि मला जन्मात कधी 'अहो'शिवाय हाक न मारणारा हा माणूस म्हणाला,

"काय सांगू गो तुला! मास्तर नाय झोपत. पहाटंचे उठून बसतात तिथं, त्या दारात."

आवाज काकांचाच होता, पण बोलणं त्यांचं नव्हतं. निजामभाई कप घेऊन तसेच उभे राहिले.

मी पुढचा प्रश्न विचारला. "आणि जेवण, काकू?"

"कसलं जेवण गो! भात लावायचे आणि तसाच ठेवायचे. मग कावळ्यांना घालायचे. आता तर तोही नाय लावत. मी होते तवा दोनदा मागून घ्यायचे."

"कुणाशी बोलतात का?"

"त्या पोरीशी बोलतात फोनवर. खोटं बोलतात. मजेत हाय म्हणतात. मला राग येतो."

"उदास असतात?"

"रोज. रोज गो. पार उतरलेत. माझ्या लुगड्यांची पेटी उघडतात, हात लावत नायत, परत बंद करतात."

मी एकेक खूण करत होते आणि मला कागद दिसत नव्हता. काकांचे डोळे कोरडे होते. ते अगदी लक्षपूर्वक सांगत होते, शेजारी बसलेल्या आजारी माणसाबद्दल सांगावं तसं.

यादीतला शेवटचा प्रश्न राहिला. तो विचारताना आम्हा सगळ्यांचाच आवाज खाली येतो. काकांनीच शिकवलं होतं, आवाज खाली आणायचा नाही, बाकीच्या प्रश्नांसारखाच विचारायचा. मी तसाच विचारला.

"काकू, त्यांना जगणं नकोसं वाटतं का?"

काकांनी जुळवलेल्या हातांकडे बघितलं.

"ते नाय सांगत मला," ते म्हणाले. "बाकी सगळं सांगतात, ते नाय सांगत. पण तुम्ही दोघं ह्यांना डॉक्टरकडं घेऊन जा गो. आजच न्या. नको म्हणतील, अजिबात ऐकू नका. मी सांगितलंय म्हणा."